तिथी, वारा आणि कॅमेरा

किनाऱ्याचं छायाचित्र काढायला निघण्याआधी मी तिथी बघतो. ही सवय लावली गुहागरकडच्या एका वयस्कर खलाशाने. "तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ कळते," एवढंच ते म्हणाले होते. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. घड्याळ थोडं मागंपुढं होतं, पण कोकणात हा हिशेब उपयोगी पडतो आणि त्यातच छायाचित्रकाराचं भाग्य दडलेलं आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते, म्हणजे सुकती पडते ती नेमकी सूर्योदय-सूर्यास्ताच्या सुमारास. पाणी सर्वांत दूर गेलेलं असतं, तेव्हाच ऊन सर्वांत तिरपं असतं. ओल्या पुळणीत आकाश उतरतं, एरवी बुडालेले काळे कातळ शेवाळासकट उघडे पडतात. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत त्याच वेळी तिथे पाणी असतं. मग मी खडकांवर फुटणाऱ्या लाटांकडे वळतो.

हल्ली काळा फिल्टर लावून शटर मिनिटभर उघडं ठेवतात आणि समुद्राचं धुकं करून टाकतात. मला ते पटत नाही. अर्ध्या सेकंदात परतणाऱ्या लाटेच्या फेसाच्या रेघा उमटतात, पाण्याची ओढ दिसते. त्याहून फार जास्त वेळ दिला की ती ओढच पुसली जाते आणि तो समुद्र कुठलाही असू शकतो.

वाळवंटात हे वेळापत्रक वारा ठरवतो. थरमध्ये उन्हाळ्यातला जोरदार वारा नैर्ऋत्येकडून येतो. त्यामुळे टेकडीचा वाऱ्याकडचा उतार लांब आणि सौम्य असतो, पलीकडचा एकदम तीव्र, साधारण ३२ ते ३४ अंशांचा; कोरडी वाळू त्याहून उभी राहतच नाही. हा तीव्र उतार बहुधा ईशान्येकडे तोंड करून असतो. सकाळी तो उजळतो, संध्याकाळी सावलीत जातो आणि धारेची रेघ ठसठशीत होते. जैसलमेरजवळच्या खुहडी गावातल्या उंटवाल्याने मला धारेवरून चालू दिलं नाही, मागच्या अंगाने नेलं. रात्रीच्या वाऱ्याने आदल्या दिवसाची पावलं पुसलेली होती. पुढची कोरी वाळू आम्हाला तशीच मिळाली. तिकडच्याच सम गावच्या टेकड्यांवर पर्यटकांच्या गर्दीत हे फार क्वचित साधतं.

कच्छच्या रणात मात्र समुद्र आणि वाळवंट एकत्र भेटतात. पावसाळ्यात नैर्ऋत्य वारे खाडीचं पाणी आत ढकलतात, अरवलीतून निघालेली लुणी तिथेच येऊन संपते. पुढे पाणी आटतं आणि हिवाळ्यात धोरडोकडे मिठाचा पांढरा थर उरतो. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून मोजतो, म्हणून हे मीठ मळकट येतं. उजेड एक ते दीड स्टॉप वाढवला, की पांढरं पांढरं राहतं. तिथेही मी पौर्णिमाच धरतो. सूर्य मावळताना समोरून चंद्र उगवतो आणि थोडा वेळ मिठावर दोन्ही प्रकाश असतात. कुठल्याही सॉफ्टवेअरने तो रंग मागाहून आणता येत नाही.

लक्ष्मीपूजनाची अमावास्या उधाणाची असते. कोकणात असाल, तर संध्याकाळी साडेपाचला पुळणीवर पोचा, साधा फोन असला तरी चालेल. फक्त त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ स्थानिक माणसाला विचारून घ्या आणि पाणी वळलं की खडकांवरून लगेच मागे या.