लग्नाचा पार्ट टू

फौजेत माणसाचं लग्न दोनदा होतं. एकदा गावात, मांडवाखाली. दुसऱ्यांदा कागदावर, एका ओळीत. दुसरं झालं नाही तर पहिल्याला काडीची किंमत नाही. बायको आहे, पोरं आहेत, अख्ख्या गावानं अक्षता टाकल्यात, पण पार्ट टू ऑर्डरमध्ये लग्न आलं नसेल, तर सरकारदरबारी तुम्ही सडेफटिंगच.

युनिटच्या ऑर्डरचे दोन भाग असतात. पार्ट वन म्हणजे रोजचं जगणं: उद्या पी.टी. किती वाजता, ड्रेस कुठला, गार्डला कोण, परेड कुठल्या मैदानावर. संध्याकाळी रोल कॉलला वाचून दाखवतात आणि दिवस सरला की त्याचं काम संपतं. पार्ट टू मात्र कायमचा. त्यात माणसाच्या आयुष्यात घडलेलं सगळं येतं: बढती, बदली, कोर्स, सुट्टी, शिक्षा, लग्न, मूल, मृत्यू. प्रत्येक ओळीला नंबर आणि तारीख. त्या ओळीवरून पगार बदलतो, भत्ते सुरू होतात, पुढं पेन्शन ठरते. भरती झाल्यापासूनचे हे कागद रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात जमा होत राहतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिकरोड कॅम्पला, रणगाडेवाल्यांचं नगरला. रिकाम्या वेळी बाबा ही यादी पाढ्यांसारखी म्हणतात.

बाबा अशाच एका रेकॉर्ड ऑफिसात क्लार्क होते. सिव्हिलियन. १९८४ ला लागले, २०१९ ला रिटायर झाले. कुठल्या ऑफिसात ते लिहीत नाही, कारण बाबा आजही फोनवर ऑफिसचं नाव घेत नाहीत. पस्तीस वर्षांत त्यांनी बंदूक हातात घेतली नाही. दसऱ्याला शस्त्रपूजा असायची तेव्हा लांबून नमस्कार करायचे, एवढंच.

सिनेमात फौज म्हणजे सीमा आणि बर्फ. आमच्या गावातली फौज म्हणजे पहाटेचा बिगुल, रस्त्याच्या कडेनं पळणारे रंगरूट आणि त्यांच्या मागं ओरडणारा उस्ताद. ट्रेनिंग सेंटर हे एक गावच असतं. तिथं नाई, धोबी, मोची, शिंपी, लंगरातले स्वयंपाकी आणि बाबांसारखे पेन चालवणारे लोक असतात. काळी ट्रंक घेऊन पोरं गेटमधून आत जात. सकाळी प्रत्येकाचा केसांचा भांग वेगळा, संध्याकाळी सगळ्यांची डोकी सारखी. बडाखान्याला सिव्हिलियन स्टाफलाही बोलावणं असायचं. मला त्यातली फक्त जिलेबी आठवते.

फौजेत भरती होताना आधी नातेवाईक लिहावे लागतात. त्याला किंड्रेड रोल म्हणतात. आई, बाप, भाऊ, बहीण, सगळ्यांची नावं आणि वयं. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला पहिल्या आठवड्यात विचारतात, की तुझ्या पश्चात कोण? बाबा म्हणायचे, निम्मी पोरं आईचं पूर्ण नाव विचारल्यावर अडकतात. ‘आई’ एवढंच माहीत असतं.

त्यात स्पेलिंगचा गोंधळ. मराठी ज्ञानेश्वरचं स्पेलिंग डीएनवायनं सुरू होतं हे दुसऱ्या राज्यातल्या क्लार्कला कुठून माहीत असणार? तो ऐकतो तसं जीवायनं लिहितो. तीस वर्षं काही बिघडत नाही. मग मुलगा आधार कार्ड घेऊन येतो आणि बाप दोन निघतात. बाबांच्या टेबलावर निम्मी गर्दी अशीच असायची. त्या टेबलापलीकडच्या खुर्चीत आपल्यालाही कधी बसावं लागेल, असं आम्हाला वाटलं नव्हतं.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, सातारा जिल्ह्यातले. १९६८ ला पायदळात भरती झाले, हवालदार होऊन १९८८ ला परत आले. २०२३ च्या जानेवारीत गेले. आजोबांची पेन्शन बंद झाली आणि आजीची फॅमिली पेन्शन सुरू होईना. कागद सैनिक कल्याण कार्यालयातून रेकॉर्डला जायचे आणि परत यायचे. शेरा एकच: नाव जुळत नाही.

आजोबांच्या ट्रंकेतून पेन्शनचा मूळ आदेश निघाला. घरातल्या कुणीही तो कधी वाचला नव्हता. पेन्शन आजोबांच्या खात्यात यायची, कॅन्टीनचं कार्ड आजोबांच्या नावावर, वाचायचं कशाला? त्यात पत्नी म्हणून एका नदीचं नाव होतं. आजीच्या आधार कार्डावर, रेशन कार्डावर, सातबाऱ्यावर आणि दारावरच्या पाटीवर देवीचं नाव आहे. आईनं ते नदीचं नाव आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. तिला क्षणभर काय वाटलं असेल ते तुमच्या लक्षात आलं असेल. सुट्टीवर येणाऱ्या फौजी बापाबद्दल अशा गोष्टी गावात कमी नसतात.

आजी चुलीपाशी होती. तिनं ऐकलं आणि म्हणाली, “ते माझंच हाय की. म्हायेरचं.”

आपल्याकडं लग्नात नवरीचं पहिलं नावसुद्धा बदलायची रीत होती, अजूनही बऱ्याच घरांत आहे. ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे. मला ही रीत कधीच गोड वाटली नाही. ती किती महाग पडते ते रेकॉर्ड ऑफिसच्या कुठल्याही क्लार्कला विचारा. आजीचं लग्न १९७२ चं, दुष्काळाच्या सालचं. युद्ध संपून पाच महिने झाले होते, आजोबांना मे महिन्यात सुट्टी मिळाली. ती सतरा वर्षांची. तांदळात देवीचं नाव लिहिलं गेलं आणि नदी तिथंच संपली. सासूनं एकदाच बजावलं, की आता ते नाव घ्यायचं नाही.

मग आजोबांनी युनिटला तेच नाव का दिलं?

बाबांचं उत्तर क्लार्कचं. लग्नासाठी सुट्टीचा अर्ज करताना नवरीचं नाव लिहिलं असेल, तेव्हा ते माहेरचंच असणार. परत गेल्यावर युनिटच्या क्लार्कनं त्याच अर्जावरून पार्ट टू केला असेल. असं शेकडो वेळा होतं.

आजीला हे पटलं नाही. ती म्हणाली, “न्हाई पाव्हणं. त्यांनी मला इचारलं व्हतं. तुला कंचं आवडतं म्हून.” घरात आजोबा तिला नावानं हाक मारत नसत, तेव्हा कुणीच मारत नसे. पत्रं आणि मनिऑर्डर पणजोबांच्या नावानं येत. त्यामुळं याला साक्षीदार नाही. बाबांनी वाद घातला नाही. पण मला बाजूला घेऊन म्हणाले, अर्जावरूनच झालं असणार. मी अजूनही दोघांचं ऐकते.

पुढचे महिने कागदांत गेले. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र. ग्रामपंचायतीचा दाखला. माहेरच्या शाळेत चौथीपर्यंतचं रजिस्टर सापडलं, त्यात नदी होती. हे सगळं नेऊन देताना बाबा नव्या रंगरुटासारखे रांगेत उभे राहायचे. मी कधीही ऑफिसात हळू बोलणारा हा माणूस पाहिला नव्हता. एकदा खिडकीतल्या पोरानं त्यांना समजावलं, “काका, पार्ट टू म्हणजे काय ते आधी समजून घ्या.” बाबांनी मान हलवली आणि समजून घेतलं.

रेकॉर्डचं नाव बदलायचं की आधारचं, हा प्रश्न उरला. आता सगळं स्पर्शवर, म्हणजे संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर चालतं, आणि तिला अक्षर न् अक्षर सारखं लागतं. मामा म्हणाला, पन्नास वर्षं सगळे देवीच्या नावानं ओळखतात, रेकॉर्डलाच बदलायला लावू. बाबांनी आजीला विचारलं, “मामी, तुम्हाला कुठलं ठेवायचंय?”

तिनं विचार करायलाही वेळ घेतला नाही.

राजपत्रात नाव बदलाच्या जाहिराती येतात त्या तुम्ही पाहिल्या असतील. जुने नाव, नवीन नाव. आजीच्या जाहिरातीत जुने नाव देवीचं आहे आणि नवीन नाव नदीचं. अडुसष्टाव्या वर्षी तिला तिचं जन्माचं नाव ‘नवीन’ म्हणून मिळालं. मग आधार बदललं, मग खातं, मग अर्ज पुन्हा. नवव्या महिन्यात पेन्शन आली, थकबाकीसकट. त्यातून तिनं पहिल्यांदा काय घेतलं म्हणाल, तर दारावरची पाटी. मामाला अजून ती खटकते.

आमच्या शेजारचा एक मुलगा अग्निवीर आहे. २०२२ च्या योजनेत चार वर्षांची नोकरी, त्यातले पंचवीस टक्क्यांपर्यंतच पुढं कायम होणार, बाकीच्यांना सेवा निधीची एकरकमी रक्कम, पेन्शन नाही. भरतीला जाताना तो बाबांना भेटायला आला होता. बाबांनी शुभेच्छा दिल्या, आईच्या नावाचं स्पेलिंग आधारवरून तपासून घ्यायला सांगितलं. तो गेल्यावर म्हणाले, “यांच्या फायली पातळ राहणार.” ते चांगलं की वाईट, ते त्यांच्या आवाजावरून कळलं नाही. कागद कमी म्हणजे चुका कमी. पण पन्नास वर्षांनी ट्रंक उघडल्यावर त्यात काय असेल, हेही त्यांच्या डोक्यात असणार.

बाबांकडून मी शिकलेला फौजी शब्द म्हणजे एस.ओ.एस. जहाजवाला नव्हे. स्ट्रक ऑफ स्ट्रेंग्थ, म्हणजे युनिटच्या पटावरून नाव कमी. माणूस बदलून गेला तरी तेच लिहितात, मेला तरी तेच. १९९९ ला मी पहिलीत होते. त्या उन्हाळ्यात बाबा रात्री उशिरा यायचे आणि जेवताना बोलायचे नाहीत. आई सांगते, एकदा त्यांनी विचारलं होतं की लग्नाचा पार्ट टू आणि मृत्यूचा पार्ट टू एकाच महिन्यात आपल्याला करावा लागला तर आधी कुठला करायचा. उत्तर त्यांना माहीत होतंच. तारखेच्या क्रमानं.

आजी आता दर महिन्याला बँकेत जाते. खात्यावर नवं नाव लागलंय, पण सही बदललेली नाही, ती देवीच्या नावाचीच आहे. गेल्या खेपेला कॅशियरनं अडवलं. बाबांनी सही बदलायचा फॉर्म आणलाय आणि आजी दुपारी कॅलेंडरच्या मागं नदी लिहून बघते. चौथीतलं अक्षर आहे, वेलांटी अजून मोठी येते. फॉर्मवरची चौकट लहान आहे.