जाड दाणा, बारीक दाणा

पिंपरी पेंढारात ठासणीच्या बंदुकीचा विषय निघाला की एक मत ठरलेलं असतं: दारू जितकी बारीक, तितका बार कडक. आमचे आप्पा, म्हणजे माझे चुलते, याच मताचे. मी पुण्याला दारू आणायला निघालो की ओट्यावरून हाक यायची, "बारीकच आण रं. जाड फुसकी निघती."

बंदूक शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. बारा बोरची, एकनळी, केपाची. नळी आतून गुळगुळीत. आप्पांचं वय झालं तसा परवाना माझ्या नावावर आला. आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची. २०२४ साली लोकसभा झाली, विधानसभा झाली, दोन्ही वेळा बंदूक ठाण्याच्या कपाटात आणि डुकरं आमच्या भुईमुगात. बाहेरचे लोक विचारतात, बिबट्यासाठी ठेवलीय का? मुळीच नाही. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला. तो उसात दिसला तर वनखात्याला फोन करायचा. आमचं भांडण रानडुकरांशी, आणि तेही बहुतेक वेळा रात्री एक हवाई बार काढण्यापुरतं.

एकदा दुकानात बारीक दारू शिल्लकच नव्हती. दुकानदाराने पुढे केलेली दारू बाजरीच्या कण्यांएवढी जाड होती, वर काळी चकाकी. घेऊन आलो. आप्पांनी चिमूटभर तळहातावर घेतली, बोटाने फिरवली आणि काही न बोलता परत डब्यात टाकली.

त्या रात्री माळ्यावरून बार काढला. दारूवर नुसता चिंध्यांचा बोळा होता. आवाज आला तो 'धप्प' असा, पोतं पडल्यासारखा. नळीच्या तोंडाशी लांब पिवळी ज्वाळा निघाली आणि काही दाणे जळत जळत खाली भुईमुगाच्या पाल्यावर पडले. डुकरं हलली, पण निवांत. आप्पा खूश. "म्हणलो नव्हतो?"

हवाई बारापुरतं त्यांचं खरंच होतं. पण बंदुकीत गोळी घातली की हिशेब उलटतो, आणि तो मी नंतर पाहिला. पावसाळ्याआधी बंदूक तपासायची म्हणून विहिरीतून काढलेल्या मुरमाच्या उंच ढिगाऱ्यात एखादी गोळी मारून बघतो. बारीक दारूने मारली की खांद्याला टोचून धक्का बसायचा, केपेच्या चिंधड्या व्हायच्या आणि घोडा उडून अर्धा मागे यायचा. घोडा मागे येतो याचा अर्थ निपलच्या भोकातून वायू त्याला उलटा ढकलतोय, आत दाब फार झालाय. जाड दारूने त्याच वजनाची गोळी मारली तेव्हा घोडा जागच्या जागी, केप फक्त फाटलेली. खांद्याला धक्का बसला, पण तो रेटल्यासारखा. गोळी मात्र मुरमात तितकीच खोल गेली. आप्पा शेजारी बसून हे बघत होते. त्यांनी घोड्यावर अंगठा ठेवून पाहिला आणि "हं" एवढंच म्हणाले.

काळी दारू दाण्याच्या पृष्ठभागावरून आत जळत जाते. दाणा बारीक, तर तेवढ्याच वजनात पृष्ठभाग जास्त, म्हणून सगळी दारू झटकन पेटून संपते. पुढे नुसता बोळा असेल तर हे सोयीचं; जाड दाण्याला पेटायला उसंत मिळण्याआधीच बोळा बाहेर गेलेला असतो. गोळी जड असेल तर ती चटकन हलत नाही, आणि ती हलायच्या आत बारीक दारूचा सगळा जोर नळीच्या बुडाशी कोंडतो. रुंद नळीत हे आणखी वाढतं. बारा बोर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक बसेल एवढी नळी: गोळी सुमारे ३८ ग्रॅमची, व्यास साडेअठरा मिलिमीटर. सव्वाअकरा मिलिमीटरची गोळी साडेआठ ग्रॅमचीही भरत नाही. म्हणजे वजन साडेचारपट झालं, पण वायूला ढकलायला मिळणारं बूड पावणेतीनपटच. वजन घनाने वाढतं, बूड वर्गाने. म्हणून रुंद नळीला जाड दाणा. परदेशी डब्यांवर 'एफ' ही खूण असते. एफ जितके जास्त तितका दाणा बारीक. रुंद नळीला एक किंवा दोन एफ, अरुंद नळीला तीन, आणि चार एफ कानातल्या रंजकेसाठी.

आटे असलेल्या रायफलीत गोळी कापडात गुंडाळून घट्ट ठासतात, त्यामुळे अडथळा आणखी वाढतो. सॅम्युअल बेकर या शिकाऱ्याने ब्रिस्टलच्या गिब्जकडून २१ पौंडांची ठासणीची रायफल बनवून घेतली होती; तिला एका बाराला १६ ड्रॅम, म्हणजे अठ्ठावीस ग्रॅम दारू लागे. एवढी दारू रव्यासारखी बारीक घालायची छाती कुणाची होईल? आपल्या बाजूला मध्य प्रांतात नोकरी केलेल्या जेम्स फोर्सिथने १८६३ मध्ये शिकारी रायफलीवर पुस्तक लिहिलं. त्याचा आग्रह रुंद नळी, गोल गोळी आणि भरपूर दारूचा, आणि आटे इतके संथ वळणाचे की गोळी त्यातून निसटू नये. आमच्या शेजारी ओतूरजवळ आंबेगव्हाणला थोरल्या माधवरावांच्या काळात तोफगोळ्यांचा कारखाना होता. तिथल्या माणसांना हे आकडे न मांडताही कळत असणार. तोफेत रंजकेची दारू ठासून कुणी दुसऱ्यांदा ठासायला उरत नाही.

जाड दारूचा एक जाच आहे, तो लपवत नाही. नळीत ओली काजळी जास्त धरते. काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग जळूनही घनच राहतो, आणि तो हवेतलं पाणी ओढतो. जूनमध्ये बार काढून बंदूक तशीच ठेवली तर दोन दिवसांत नळी तांबूस. उकळतं पाणी ओतायचं, गजाला चिंधी लावून काळं यायचं थांबेपर्यंत घासायचं, मग तेलाचा हात.

आता घरात दोन वेगळे डबे असतात, परवान्यात बसेल तेवढेच. बारीक हवाई बाराला, जाड गोळीला. डब्यांवर आप्पांनीच खडूने खुणा केल्यात, कारण रात्री बॅटरीच्या उजेडात दोन्ही सारखेच दिसतात. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावचा एक जण थोडी दारू उसनी मागायला आला. आप्पांनी आधी विचारलं, "गोळीला पायजे का आवाजाला?" मी मात्र नाही म्हटलं. परवान्यावरची दारू दुसऱ्याला देता येत नाही. आप्पांनी त्याला चहा पाजला आणि पुण्याच्या दुकानाचा रस्ता सांगितला.