नळीला दोष देण्याआधी

उमरठला नरवीर तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीवर येणारे पाहुणे तलवारीबद्दल विचारतात. गावकरी मला बंदुकीबद्दल विचारतात, कारण परवान्याच्या बंदुका दुरुस्त करणं हा माझा धंदा. तक्रार ठरलेली: "भाऊ, नेम बसत नाय. नळी गेली वाटतं." नळी बहुतेक वेळा गेलेली नसते.

महाड-पोलादपूरकडचे परवाने मुख्यतः पीकसंरक्षणाचे. रानडुक्कर एका रात्रीत भाताची वाट लावतं, उरलंसुरलं माकडं पाहतात. त्यासाठी घराघरात एकनळी बारा बोअर असते आणि छर्ऱ्याला इंचाचा हिशोब लागत नाही. रायफली मोजक्याच. कुणाच्या आजोबांच्या शिकारीच्या हौसेतून आलेल्या आणि वारसाने नातवाच्या परवान्यावर चढलेल्या. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली, पण रायफल घरात राहिली. त्यातली नेहमी दिसणारी म्हणजे ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५, लष्करी ली-एन्फिल्डच्या घराण्यातली.

या रायफलीचं खरं दुखणं लोखंडात नाही, लाकडात आहे. तिचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो. पुढचं लाकूड नळीला खालून धरतं आणि बार उडाला की मागे येणारा सगळा धक्का त्याच्या मागच्या खांद्यांवर बसतो. आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस, मग मार्च-एप्रिलची भाजणी. लाकूड फुगतं, आकसतं, खांदे दबतात. मग प्रत्येक बाराला लोखंड थोडं वेगळ्या जागी टेकतं. शिवाय या जुन्या घडणीत चाप गार्डात बसवलेला असतो, म्हणजे लाकूड हललं की चापाची ओढसुद्धा बदलते. मालक म्हणतो, पावसाळ्यात चाप जड होतो. त्याचं म्हणणं अगदी बरोबर असतं.

रायफल रिकामी आहे ना, हे दोनदा पाहून मी पुढचं लाकूड उतरवतो. नळीच्या पोटाला दिव्याची काजळी लावतो, लाकूड परत चढवून स्क्रू आवळतो आणि पुन्हा काढतो. काळे डाग कुठे उठले ते पाहिलं की निम्मं निदान झालं. डाग डाव्या बाजूलाच उठले असतील, तर लाकूड नळीला उजवीकडे रेटतंय. तिथलं लाकूड कानसीने नव्हे, बारीक पॉलिश कागदाने उतरवायचं, तेही थोडं थोडं. दबलेल्या खांद्यांना कठीण लाकडाच्या चकत्या चिकटवायच्या. हल्ली सगळ्यांना नळी पूर्ण मोकळी हवी असते. जाड नळीच्या नव्या रायफलीला ते मानवतं. ली-एन्फिल्डच्या बारीक नळीला मात्र पुढच्या टोकाशी खालून थोडा आधार लागतो, तो काढून टाकला की गोळ्यांचा ग्रुप उलट पसरतो.

दुसरी गोष्ट काडतुसांची. खडकीच्या कारखान्याच्या पेटीवर लॉट नंबर असतो, तो कुणी वाचत नाही. उरलेली चार आणि नवी सहा अशी खिचडी करून नेम तपासण्यात अर्थ नाही. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीत कांस्य जिंकणारा कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे ज्या खेळात उतरतो, त्यात दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं असतं. त्या पातळीचे नेमबाज .२२च्या काडतुसांचे लॉट आपल्याच रायफलीतून झाडून पारखतात आणि जुळेल तोच लॉट घेतात. आपल्या परवान्यावर काडतुसांचा कोटा ठरलेला, म्हणून तर एकेक काडतूस विचाराने वापरायला हवं. वाळूच्या पिशवीवर टेकवून, एकाच लॉटची पाच, नळी मध्ये मध्ये निवू देत. एका वेळी एकच बदल करायचा. लाकूडही घासलं आणि नळीच्या टोकावरची माशीही सरकवली, तर गुण कशाने आला हे कळत नाही.

नळी कापणं, बोअर वाढवणं असल्या सूचना देणारे हुशार लोक प्रत्येक नाक्यावर भेटतात. त्यांचं ऐकाल तर नेम राहील बाजूला, आधी पोलीस ठाणं गाठावं लागेल. दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच करा, चाचणी मान्यताप्राप्त रेंजवरच घ्या, आणि डुक्कर कितीही माजलं असलं तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय बार टाकू नका.

बाकी दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की एकदा पुढचं लाकूड उतरवून पाहा. नळी बदलायचं नंतर बोलू.