उरलेले तुकडे

गेल्या वर्षी धर्मगुरुनिवासाची डागडुजी निघाली, तेव्हा माळ्यावरून एक जुना संगणक खाली आला. कामगारांनी तो भंगाराच्या ढिगाशेजारी ठेवलाही होता. मी त्यांना थांबवले. १९९४ च्या मे महिन्यात सेमिनरीने मला याच धर्मग्रामात सेवेसाठी पाठवले होते. त्या सुट्टीत येथील वृद्ध स्त्रियांकडून ऐकलेली कादोडी बोलीतील लग्नगीते मी याच यंत्रावर उतरवून ठेवली होती. त्या स्त्रियांपैकी आज कोणीही हयात नाही.

यंत्र ४८६ जातीचे. स्मृती ८ मेगाबाइट, हार्ड डिस्क २१० मेगाबाइट. धर्मग्रामातील एक जाणकार तरुण म्हणाला, "फादर, उघडून पाहिल्याशिवाय वीज लावू नका." आतील बॅटरीतून क्षार पाझरून पट्टीवर हिरवा थर चढला होता. स्वयंपाकघरातील शिरक्याने त्याने तो हलकेच पुसला. बॅटरी गेल्याने हार्ड डिस्कची मापे यंत्र विसरले होते. परंतु झाकणाच्या आतील बाजूस तेव्हाच्या कारकुनांनी ती कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून चिकटवली होती. यंत्राच्या स्मरणशक्तीवर त्यांनी विसंबून न राहणेच आमच्या कामी आले.

गीते सापडली. नव्या संगणकावर नेली, तर नुसती निरर्थक चिन्हे! युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच स्थान मिळाले होते. तरी त्या काळी मराठी अक्षरे बहुधा ज्याच्या त्याच्या फॉन्टच्या सांकेतिक क्रमाने साठवली जात. तो फॉन्ट त्या जुन्या यंत्रातच होता. तेथे मात्र ओळी स्वच्छ उमटल्या. पडद्याची छायाचित्रे घेऊन मी एकेक गीत पुन्हा टंकलिखित केले.

एकेचाळीस गीते, आणि गाणारीचे नाव एकाही गीताखाली नाही! शेजारच्या कपाटात बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही आहे. तिच्यात प्रत्येक बालकापुढे आईबापांची, धर्ममातापित्यांची नावे शाईने लिहिलेली आहेत. नोंदीचे महत्त्व शिकत असलेल्या मला त्या माउल्यांची नावे विचारून लिहावीशी वाटली नाहीत, याची खंत आजही जात नाही.

आता रविवारच्या मिस्सानंतर गीतांचे कागद घेऊन मी घरोघरी जातो. कुणी नात दोन ओळी ऐकताच म्हणते, "फादर, हे आमच्या आजीचे." मी नाव लिहितो. आतापर्यंत सतरा नावे मिळाली. यंत्रासाठीही एक वही केली आहे: कोणत्या फ्लॉपीत काय आहे, कोणता फॉन्ट, डिस्कची मापे कोणती, दुरुस्ती कोणी केली आणि गीते कोणी सांगितली.

पाच हजारांना तृप्त केल्यावर प्रभूने उरलेले तुकडे वेचावयास सांगितले, काही वाया जाऊ नये म्हणून. शिष्यांनी ते लगेच वेचले. मी तीस वर्षांनी वाकलो. वाचकहो, आपल्या घरात कुणी वृद्ध गात असेल, तर गीत उतरवून घ्याच. परंतु प्रथम नाव लिहा.