लाखाचा लॅपटॉप आणि पंधरा दिवसांची वही

भिशीचा नंबर लागला की बाईच्या मनात पहिला विचार सोन्याचा येतो. माझ्याही मनात तोच आला होता. आम्ही वीसजणी, दरमहा पाच हजार, म्हणजे नंबर लागेल तिला एकदम एक लाख. माझा नंबर लागला तो 2025 च्या एप्रिलमध्ये आणि नेमक्या त्याच महिन्यात सोन्याने तोळ्याला लाखाचा आकडा गाठला. सासूबाई म्हणाल्या, "एक तोळा येईल, पण येईल तर खरा. घेऊन टाक."

पण माझ्या डोक्यात त्या वेळी दुसरेच काही शिजत होते.

मी बी.ए. झालेली, साताऱ्यातल्या एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. तासांप्रमाणे पैसे, सुटीत काही नाही. त्याशिवाय रविवारी सकाळी सात वाजता कॅलिफोर्नियातल्या दोन मराठी मुलांना लॅपटॉपवरून मराठी शिकवते. आपली रविवारची सकाळ ती त्यांची शनिवारची संध्याकाळ. दोन्हींची मिळून कमाई महिन्याला तेरा हजारांच्या आसपास.

लॅपटॉप होता यांचा जुना, 2016 सालचा. यांना ऑफिसने नवा दिल्यावर तो वारसाहक्काने माझ्याकडे आला. सकाळी बटण दाबायचे, मग कुकर लावायचा, दोन शिट्ट्या झाल्या की लॅपटॉप उठलेला असायचा. एका रविवारी मी मुलांना 'ळ' चा उच्चार शिकवत होते, तोंड उघडलेले आणि जीभ टाळूला लावलेली, तशी मी पडद्यावर गोठले. धाकटा तिकडून म्हणाला, "मावशी, तुम्ही स्टॅच्यू झालात!" आम्ही सगळे हसलो. पण त्याच्या आईने नंतर सहज विचारले, "दुसरा लॅपटॉप घेणं जमेल का तुम्हाला?" ते 'सहज' मला रात्रभर टोचत राहिले.

दुसऱ्याच दिवशी वर्तमानपत्रात जाहिरात पाहिली. ॲपलचा नवा मॅकबुक एअर, मार्चमध्येच आलेला, किंमत 99,900. भिशी लाखाची आणि लॅपटॉप लाखाला शंभर कमी! मला तर वाटले, देवानेच जमवून आणले.

हे म्हणाले, "अगं, तुझं काम ते काय! प्रश्नपत्रिका टाइप करायच्या आणि आठवड्याचा एक तास. त्याला पंचवीस-तीस हजारांचा भरपूर झाला." बोलणे चुकीचे नव्हते, पण 'तुझं काम ते काय' एवढे चार शब्द असे काही लागले, की मी त्याच क्षणी ठरवून टाकले, घेईन तर लाखाचाच.

आता तुमच्यापाशी खरे ते कबूल करते. मला तो लॅपटॉप हवा होता तो शिक्षक-खोलीत उघडून बसण्यासाठी. अर्धवेळ शिक्षिकेला तिथे स्वतःचे कपाटसुद्धा नसते. पर्स खुर्चीला अडकवायची, वह्यांचा गठ्ठा मांडीवर. अशा ठिकाणी तो चांदीसारखा चकचकीत, बोटाएवढ्या जाडीचा लॅपटॉप माझ्यासमोर आहे, असे चित्र मी कितीदा तरी रंगवले होते. म्हणजे मी लाख रुपये यंत्राचे देणार होते की मानाचे, हे माझे मलाच नीट सांगता आले नसते.

मला अडवले ते माझ्या मावसबहिणीने, आणि तेही तिच्याकडे तोच लॅपटॉप असताना! ती पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीनने जा-ये करते आणि भाषांतराची कामे गाडीत बसून करते. तिने त्याच जातीचा आधीचा, एम-वन चिपचा मॅकबुक 2021 साली 92,900 ला घेतला. मी म्हटले, "ताई, तुझे पैसे वसूल झाले ना? मग माझे का नाही होणार?"

ती म्हणाली, "हिशेब कर. पाच वर्षं धरली तर दिवसाला एक्कावन्न रुपये पडतात. माझे जाता-येता सहा-सात तास गाडीत. वजन सव्वा किलोच्या आसपास, म्हणून खांदा दुखत नाही. कंपनी बॅटरी अठरा तास सांगते. माझ्या कामाला तेवढी पुरत नाही, पण घरून निघून घरी येईपर्यंत चार्जर काढावा लागत नाही. आत पंखाच नाही, त्यामुळे घरघर नाही. मी पैसे मोजले ते ह्या गोष्टींचे. तू लॅपटॉप कुठे वापरतेस?"

"जेवणाच्या टेबलावर."

"आणि वायर?"

"भिंतीत खोचलेलीच असते."

"मग बॅटरीचे पैसे कशाचे देतेस, बाई?"

तिनेच मला युक्ती सांगितली. पंधरा दिवस वही घालायची. दुधाची घालतो तशीच. लॅपटॉप किती वाजता उघडला, काय काम केले, कुठे बसून केले, आणि कुठे अडले.

मी वही घातली. पंधरा दिवसांत लॅपटॉप 34 तास चालला. त्यातले 32 तास त्याच टेबलावर, त्याच प्लगवर. कामे कोणती? प्रश्नपत्रिका, गुणपत्रके, रविवारचे तास, लेकीचा सातवीचा प्रकल्प, विजेचे बिल. चित्रफीत कापून जोडण्याचे काम एकदाच, तेही दहा मिनिटांचे. आणि सर्वांत चमत्कारिक नोंद अशी, की त्या 34 तासांपैकी जवळजवळ पाच तास मी नुसती वाट पाहत बसले होते.

वही घेऊन मी आमच्याच पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्या मुलाकडे गेले. त्याने जे समजावले, ते मी माझ्या भाषेत सांगते. लॅपटॉपचा प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारीचे हात. रॅम म्हणजे ओटा. आणि फाइली साठवतो ती जागा म्हणजे फडताळ. हात कितीही चपळ असोत, ओटा वीतभर असेल तर परात ठेवायला आधी पोळपाट उचलावा लागतो. माझा ओटा चार जीबीचा होता. आणि फडताळ होते जुन्या पद्धतीचे, म्हणजे हार्ड डिस्क. तिच्यात तबकडी फिरते आणि हवी ती फाइल शोधायला एक काटा मागेपुढे सरकतो. नव्या एसएसडीत फिरणारे काहीच नसते, म्हणून वस्तू पटकन हाती येते. "ताई, तुमचे हात धड आहेत," तो म्हणाला. "फडताळ बदला आणि ओटा वाढवा."

एसएसडी, आठ जीबी रॅम, नवी बॅटरी, आतली धूळ काढणे आणि मजुरी धरून 6,100 रुपये झाले. दुसऱ्या दिवशी बटण दाबून मी कुकरकडे वळले, तर झाकण लावायच्या आत लॅपटॉप तयार! रविवारी 'ळ' सुद्धा सुखरूप पार पडला.

इथे गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला मोठ्या तोऱ्याने सांगितले असते, की बायांनो, नवे काही घेऊच नका. पण तसे झाले नाही.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची नेहमीची देखभाल बंद झाली. म्हणजे लॅपटॉप बंद पडतो असे नव्हे. पण चोरवाटा बुजवणाऱ्या ज्या दुरुस्त्या फुकट येत राहतात, त्या थांबतात. घरगुती वापरासाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत त्या घेण्याची जादा सोय कंपनीने ठेवली, पण त्यासाठी आपण होऊन नाव नोंदवावे लागत होते. आणि विंडोज 11 माझ्या लॅपटॉपवर रीतसर चालणार नव्हते, कारण इंटेलच्या प्रोसेसरांत ते साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढच्यांनाच चालते आणि माझा सहाव्या पिढीतला. ही तारीख तर आधीच जाहीर झालेली होती. दुरुस्तीवाल्याने सांगितली नाही आणि मीही विचारली नाही. चूक दोघांची.

मग 6,100 पाण्यात गेले का? हे तसेच म्हणाले. मला तसे वाटत नाही. लेक त्याच लॅपटॉपवर टाइप करायला शिकते आहे. जादा सोयीत आम्ही त्याचे नाव नोंदवले, पण बँकेचे व्यवहार त्यावर करायचे नाहीत, असा घरचा नियम केला. आणि त्या सहा हजारांनी मला कळले, की माझे अडत होते ते ओट्याशी आणि फडताळाशी, हातांशी नव्हे.

दिवाळीत मी दुकानात गेले ती वही घेऊनच. विक्रेत्या मुलाने सवयीने लाखाचाच लॅपटॉप पुढे केला. मी तो हातात घेतला. खोटे कशाला बोलू, पडदा असा सुरेख की डोळे निवले. पण त्याचे फडताळ 256 जीबीचे. दुप्पट हवे तर वीस हजार जास्त, आणि ओटा काय नि फडताळ काय, दोन्ही आत कायमचे जोडलेले, नंतर वाढवायची सोय नाही. शिवाय आमच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत. ताईच्या लॅपटॉपवर मी एक उघडून पाहिली होती, तर 'इयत्ता नववी' च्या जागी नुसती भुताटकी! तो फॉन्ट नसेल तर अक्षरे अशीच फुटतात. माझे जे रोजचे काम, तेच तिथे अडणार होते.

मी घेतला 53,900 चा. विंडोजचा, सोळा जीबी रॅम, 512 जीबी एसएसडी. पंचवीस-तीस हजारांचे मी पाहिले. पण त्यात पुष्कळांचा ओटा आठचाच होता आणि काहींत तो वाढवायची सोय नव्हती. दोन वर्षांनी पुन्हा कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या नव्हत्या मला.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा चार गोष्टी आठवणीने विचारा. रॅम आणि साठवण पुढे वाढवता येते का? देखभालीच्या दुरुस्त्या किती वर्षे मिळतील? दुरुस्ती केंद्र आपल्या गावात आहे की पुण्याला पाठवावे लागेल? आणि चौथी हप्त्यांची. 'नो-कॉस्ट ईएमआय' म्हणतात तेव्हाही बँक व्याज लावतेच. तेवढी रक्कम आधी सूट म्हणून वजा करतात. पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि असली तर प्रोसेसिंग फी आपल्याच माथी बसते. म्हणून एकरकमी दिले तर सूट किती, हे मोकळेपणाने विचारायचे. विचारायला लाजू नका. भाजीवालीशी दोन रुपयांवरून घासाघीस करणाऱ्या आपण, तिथे काचेच्या दारातून आत गेलो की एकदम मुक्या होतो!

बिल करताना मुलाने विचारले, "सरांचं नाव काय?" मी माझे नाव सांगितले. आमच्या घरात फ्रिज आहे, गाडी आहे, धुलाई यंत्र आहे. सगळ्यांची बिले यांच्या नावाची. लॅपटॉपचे पहिले माझ्या नावाचे. ते मी भिशीच्या वहीत जपून ठेवले आहे.

आणि उरलेले चाळीस हजार? त्यांची मुदत ठेव केली, तीही माझ्याच नावे. त्या दिवाळीपर्यंत सोने आणखी चढले होते. सासूबाईंनी एकदाच सुस्कारा टाकला, "तोळा घेतला असतास तर आज वाढला असता." खरे आहे. लॅपटॉपची किंमत पेटीतून काढल्या दिवसापासून उतरते. मी म्हटले, "आई, तुमचं शिलाई मशीन?"

सासूबाईंनी लग्नानंतर दोन वर्षांनी सासऱ्यांच्या एका पगाराएवढे पैसे घालून मशीन घेतले होते. त्यावर परकर-पोलकी शिवून यांची फी भरली. तेव्हाही घरात म्हणे हेच झाले होते, "तुला कशाला एवढं महाग?" त्या जरा थांबून म्हणाल्या, "पण माझ्या मशीनचा प्रत्येक खिळा अजून बाजारात मिळतो हो. तुझ्या ह्या पेटीचं तसं आहे का?" नाही. ते मला कबूल करावे लागले. माझा लॅपटॉप सात वर्षे चालला तरी पुष्कळ. म्हणूनच त्याच्यात लाख घालायला माझा हात धजला नाही.

शिक्षक-खोलीत मी तो पहिल्या दिवशी उघडला, तेव्हा कुणी मान वर करूनही पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाई येऊन म्हणाल्या, "तुमच्याकडे लॅपटॉप आहे ना? मग आठवी-नववीचा निकाल तुम्हीच करा." लाखाचा असता तर बहुधा दहावीचाही आला असता! मी म्हटले, "करते बाई, पण त्या तासांचे पैसे धरावे लागतील." इतक्या वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा माझ्या तोंडून निघाले. त्या थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "अर्ज द्या."

अर्ज मी त्याच लॅपटॉपवर टाइप करून दिला आहे. उत्तर अजून यायचे आहे.