मुदतीचा रकाना

व्यवसाय कसा करावा हें शिकविण्याचा व्यवसाय आम्ही गेलीं पंचवीस वर्षें करीत आहों. या अवधींत आम्हीं स्वतः एक सुपारीदेखील विकलेली नाहीं. पगार एक तारखेला होतो, पहिल्या आठवड्यांत घरखर्चाला लागतो, आणि उरलेले तीन आठवडे आम्ही वर्गांत धोका पत्करण्याचें महत्त्व प्रतिपादन करतों. विद्यार्थी सभ्य असल्यामुळें हंसत नाहींत.

आमच्या जातीच्या प्राध्यापकांची उत्पत्ति तशी अलीकडची. मुंबईस सिडनहॅम महाविद्यालय १९१३ सालीं निघालें, तेव्हां जमाखर्चाला आणि पेढीच्या व्यवहारालाही विद्यापीठांत पाट मिळतो हीच मोठी गोष्ट होती. पुढें १९६५ सालीं स्टॅनफर्डच्या साहाय्यानें जमनालाल बजाज संस्था उभी राहिली आणि व्यवस्थापन हा विषय पदव्युत्तर झाला. १९९९ च्या सुमारास मुंबई विद्यापीठानें बारावी झालेल्या मुलांसाठींही व्यवस्थापनाची पदवी काढली. तींतील उद्योजकता हा विषय आमच्या वांट्याला आला, कारण आमच्यापेक्षां ज्येष्ठ असलेल्यांपैकीं कोणी तो घेईना. २०२४ सालीं या पदवीवर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची देखरेख आली, तिच्यामागून प्रवेशपरीक्षा आली. आणि कांहीं महाविद्यालयांनीं जवळजवळ त्याच अभ्यासक्रमाला वाणिज्य पदवीचें नांव देऊन ती परीक्षा चुकविली. उद्योजकतेचा इतका प्रत्यक्ष पाठ आम्हांला वर्गांत कधीं देतां आला नव्हता.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा दाखला आम्ही दरवर्षीं देतों. तेही एके काळीं मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेंत शिक्षक होते. नोकरी सोडून त्यांनीं सायकली विकल्या, नांगर केले, आणि १९१० सालीं माळरानावर वाडी वसविली. ‘नोकरी सोडून’ या शब्दांपाशीं आमचा आवाज किंचित् खालीं येतो.

दुसरा दाखला घरचा आहे. तो मात्र आम्ही नांव न घेतां सांगतों.

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर राजपुरीच्या खाडीच्या मुखाशीं, श्रीवर्धन तालुक्यांत, दिघी हें गांव आहे. तेथें आमच्या वडिलांचें बंदरालगत किराणा मालाचें दुकान होतें. पावसाळ्यांत होड्या ओढून वर ठेवल्या कीं कोळीवाड्याची आवक थांबे. तेव्हां तांदूळ, तेल, डाळ उधारीवर न्यायची, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन होड्या लोटल्या कीं हळूहळू फेड करायची, अशी रीत होती. एका सालीं मासळी लागली नाहीं, घाऊक व्यापाऱ्यानें तगादा लावला, आणि दुकान बसलें. आम्ही तेव्हां दहा वर्षांचे होतों. वडील मुंबईस येऊन एका पेढीवर कारकून झाले. मुलानें पगाराची नोकरी धरावी, याखेरीज त्यांनीं आमच्याजवळ कधीं हट्ट धरला नाहीं. लोकांनीं बुडविलें, असा या प्रकरणाचा निकाल घरांत कायमचा लागला होता. तोच निकाल आम्ही खेळत्या भांडवलाच्या प्रकरणांत ‘कोंकणांतील एक दुकानदार’ म्हणून सांगत आलों.

गेल्या वर्षीं तृतीय वर्षाच्या वर्गांत नेमकी दिघीची एक विद्यार्थिनी आली. प्रकल्पासाठीं तिनें आपल्या आईचा सुक्या मासळीचा धंदा घेतला होता. येणें-बाकीच्या कोष्टकांत मुदतीचा एक रकाना असतो. तिच्या रकान्यांत तारखा नव्हत्या. ‘भात झाल्यावर’, ‘होळीनंतर’, ‘मुलगा मुंबईहून आला म्हणजे’, ‘नारळी पौर्णिमेनंतर’ असें लिहिलें होतें. आम्हीं त्या रकान्यावर लाल पेन्सिलीनें उभी रेघ ओढली, ‘मुदत निश्चित हवी’ असा शेरा दिला, आणि शंभरांपैकीं बेचाळीस गुण दिले. ती भेटावयास आली. रडली नाहीं, भांडलीही नाहीं. “सर, तारीख कुठून लिहू? ती त्यांनाच माहीत नसते. पण पैसे येतात,” एवढेंच म्हणाली, आणि दारांतून वळून, “एकदा आईकडे या.”

‘नारळी पौर्णिमेनंतर’ हे शब्द आम्हीं लहानपणीं वडिलांच्या वहींत वाचले होते, हें आम्हांला रात्रीं आठवलें. तोंवर गुण विद्यापीठाकडे गेले होते.

माघ महिन्यांत एका रविवारीं आम्ही दिघीस गेलों. आगरदांड्याहून खाडी ओलांडावयास आतां मोटारीही नेणारी मोठी फेरीबोट आहे. लोक तिला जंगल जेटी म्हणतात. समुद्राच्या बाजूस जंजिरा दिसतो. ज्या सिद्दींचें राज्य या गांवावर होतें तें १९४८ सालीं विलीन झालें. समोर दिसतें तें नवें बंदर. त्या बंदराच्या कंपनीचें प्रकरण २०१८ सालीं दिवाळखोरीच्या कायद्याखालीं न्यायाधिकरणापुढें गेलें, आणि २०२१ च्या फेब्रुवारींत अदानी समूहानें ती ७०५ कोटी रुपयांस घेतली. २०२४ सालीं केंद्र सरकारनें मंजूर केलेल्या बारा औद्योगिक नगरांतही दिघीचें नांव आहे. हें सर्व आम्ही वर्गांत शिकवितों. मात्र फेरीबोटीच्या कठड्याशीं उभे असतांना एक गोष्ट प्रथमच मनांत आली: त्या कर्जांच्या कागदांवर मुदतीचा रकाना नक्कीच तारखांनीं भरलेला असणार.

विद्यार्थिनीची आई अंगणांत बोंबील उलटे-सुलटे करीत होती. ती सुकी मासळी म्हसळ्याकडच्या वाड्यांत नेऊन विकते. उधारी कशी वसूल करतां, असें आम्हीं विचारलें. हातांत टिपणवही होती, याची आतां लाज वाटते.

“अर्धं फिटल्याशिवाय दुसरी टोपली नाही,” ती म्हणाली. “आणि मागायला सकाळी जायचं नाही, तिन्हीसांजेला नाही. दुपारची जेवणं झाली की जायचं, बसायचं, पाणी मागायचं. पैशाचं नाव आपण काढायचं नाही. तोच काढतो.”

“आणि त्यानं नाही काढलं तर?”

“तर उठून यायचं. पुढच्या आठवड्याला परत जायचं. पण जायचं.”

हें सर्व उपजत ज्ञान आहे आणि आमचीं पुस्तकें व्यर्थ आहेत, असें म्हणणाऱ्यांतले आम्ही नाहीं. दूरच्या एका वाडीवर माल नेण्याचें टेंपोचें भाडें, मीठ आणि दिवसाची मजुरी धरली तर तेथें दर खेपेला तोटाच होतो, हें मुलीनें प्रकल्पांत मांडून दाखविलें होतें, आणि आईनें ती खेप बंद केली होती. तें पान आमच्या डोळ्यांखालून गेलें होतें. त्यावर आमची नुसती बरोबरची खूण होती.

पडवींत सुकट निवडीत बसलेल्या आजींना आम्हीं वडिलांच्या दुकानाची जागा विचारली. त्यांनीं मान वर करून बराच वेळ पाहिलें.

“शेटचा मुलगा का तू? भला माणूस. पण कधी कुणाच्या दारात आला नाही रे. गल्ल्यावर बसून वाट बघायचा. त्या साली मासळी लागली नाही असं नाही, उशिरा लागली. दिवाळी झाल्यावर आमचे मालक पैसे घेऊन गेले, तर दुकानाला फळ्या. द्यायचे कुणाला?”

आम्हीं कांहींतरी उत्तर दिलें. काय तें आठवत नाहीं. वर्षाला साठ मुलें धरलीं तर आजवर दीड हजार जणांसमोर आम्हीं या गांवावर बुडवेपणाचा आरोप केला आहे. वडील हयात नाहींत. असते तरी हें त्यांना सांगण्याचा धीर झाला असता, असें वाटत नाहीं. मागावयास जाण्याची लाज आमच्यांतही त्यांचीच उतरली आहे. परतलेल्या उत्तरपत्रिका मागण्याचें पत्रसुद्धां आम्ही तीन वेळां फाडून लिहितों. त्या दीड हजार जणांना आतां कोठून गोळा करावें?

निघतांना आईनें सोड्यांचा पुडा हातांत दिला. किंमत विचारली, ती तिनें सांगितली, चारशें रुपये, पण आम्हीं पाकीट काढलें तेव्हां घेईना. “राहू द्या. पुढच्या वेळेला.”

“पुढची वेळ म्हणजे केव्हां?” आम्हीं विचारलें.

विद्यार्थिनी दाराआड होती. तिला हंसूं आवरेना. “सर, मुदत निश्चित हवी का?”

“नारळी पौर्णिमेला या,” आई म्हणाली.

बोटीचा भोंगा झाला. आम्हीं पुडा पिशवींत घातला, आणि जेटीवर उभ्याउभ्याच रोजनिशींत चारशेंचा आंकडा मांडून पुढें तसें लिहून ठेवलें.