भिंतीवरची बंदूक

छंदावर काहीतरी लिही, असं आपला संपादक म्हणाला. मी म्हटलं, मित्रा, आपल्या वस्तीत छंद लागतो तो दारूचा, नाहीतर मटक्याचा. माझी आज्जी अजून 'त्याला कसला छंद लागलाय?' हे काळजीनंच विचारते. तरी लिहितो. कारण गेली दोन वर्षं मी दुसऱ्याचा छंद पुसतोय. फडक्यानं आणि तेलानं.

मी सूतगिरणीत आहे, रिंग फ्रेम खात्यात, फिटरच्या हाताखाली. चात्यांना तेल देणं, बेअरिंग उतरवणं, गंज घासणं. एकदा तिसरी पाळी सुटताना फोरमन म्हणाला, "रविवारी मोकळा हाईस काय? आमच्या सरकारांकडं जुन्या बंदुका हाईत. गंज धरलाय. तुजा हात हलका हाय." आमच्या भागात जुन्या इनामदाराला लोक अजून सरकार म्हणतात. इनाम गेलं, निम्मी जमीन कुळांना गेली, हाक राहिली.

वाड्याच्या सोप्यात अकरा बंदुका. पहिल्या दिवशी त्या भिंतीकडं बघताना माझी मान खाली गेली, हे मी लपवत नाही. त्याचं कारण आज्जी आहे. तिच्या माहेरगावी पाटलाच्या सोप्यात बारा बोअरची बंदूक टांगलेली असायची. आमच्या माणसांवर ती कधी झाडली नाही. आज्जी म्हणते, "झाडायला कशाला लागतीय? म्होरनं जाताना ती दिसायची, आन् आपसूक मान खाली जायाची." ती बंदूक मी कधी बघितली नाही. मान मात्र बरोबर तिच्यासारखी गेली.

पण लोखंड हातात आलं आणि मी सगळं विसरलो. सगळ्यात जुनी तोड्याची. तोडा म्हणजे सुताची दोरी. ती धुमसत ठेवायची. चाप ओढला की घोडा पेटतं टोक घेऊन खाली येतो आणि कानातली रंजक पेटते. सुताची दोरी! आम्ही आठ तास जे कातत असतो त्याच्याच जोरावर हिंदुस्थानात तीनशे वर्षं बंदुका उडाल्या. दुसरी चकमकीची, घोड्याच्या तोंडात गारगोटी. पावसात दोघीही कुचकामी. तिसरी केपाची, तांब्याची इवलीशी टोपी, तिनं पावसाचा प्रश्न मिटवला. एकेका सुधारणेमागं शंभर-दोनशे वर्षं. आणि प्रत्येक जागी कुणा लोहाराची कानस फिरलेली दिसते. कानस फिरवणाऱ्याचं नाव कुठं नाही. नळीवर चांदीनं कोरलेलं असतं ते मालकाचं.

मला ते आवडायला लागलं. रविवारची वाट बघायला लागलो. कविता सुचेनात, घोड्याची कमान डोळ्यापुढं यायची. आज्जी म्हणाली, "बुद्धाचं घेतलंस न्हवं? मग बंदुकीला काय हात लावतुस?" मी म्हटलं, "आज्जे, मेलेल्या बंदुका त्या." ती म्हणाली, "मेलेल्याला कोण त्याल लावत न्हाई."

आता या छंदाला चिकटलेली माणसं. रविवारी दहाच्या सुमारास जमायची. एक जुन्या बाजारातला व्यापारी. त्याच्याकडं शिवकाळापासून सगळं मिळतं, मागाल त्या काळातलं. नवी नळी मिठाच्या पाण्यात ठेवून तीन महिन्यांत तीनशे वर्षांची कशी करतात, हे त्यानंच मला हसत सांगितलं. दुसरे एक डॉक्टर. ते बंदूक खांद्याला लावून खिडकीतून झाडावरच्या कावळ्यावर नेम धरायचे आणि तोंडानं 'ठो' करायचे. वय अठ्ठावन. त्या क्षणी त्यांच्या तोंडावर जे यायचं ते मी आमच्या वस्तीतल्या पोरांच्या तोंडावर दिवाळीत टिकल्यांच्या पिस्तुलानं येताना बघितलंय. माणूस वाईट नाही. शिवजयंतीला फेटे बांधून फोटो काढायला येणारी पोरं, त्यांना बंदुकीचं तोंड कुठलं तेही कळत नव्हतं. एकानं गज काढून भालाच समजून धरला. आणि एक निवृत्त मास्तर. खिशात भिंग आणि मोजपट्टी. मास्तर कुणाच्या पराक्रमावर बोलायचे नाहीत. नळी किती इंच, छाप कुठला, खिळा मूळचा की मागनं मारलेला. या सगळ्यांत मला खरं शिकवलं ते त्यांनी. नाव विचारलं, आडनाव विचारलं नाही. आडनाव सरकारांनी विचारलं, पहिल्याच दिवशी. मग चहा यायचा तो सगळ्यांना कपबशीत, मला कागदी पेल्यात. "धुवायचा ताप नको," असं सरकारांच्या सूनबाई म्हणाल्या. कुणाचा ताप?

भिंतीच्या मधोमध एक लांब चकमकीची बंदूक होती. सरकार येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "ही आमच्या पूर्वजांनी पानिपतावर वापरलेली." १७६१. पोरं हात जोडायची. घोडा बसवलेल्या लोखंडी पट्टीवर गंजाचा जाड थर होता. तो मी चार रविवार हलक्या हातानं उतरवला आणि खाली एक जनावर निघालं. मागच्या पायांवर उभा राहिलेला छोटा सिंह. मी मास्तरांना बोलावलं. त्यांनी भिंग लावलं, नळी मोजली, एकोणचाळीस इंच, आणि बराच वेळ गप्प बसले. मग सरकारांना म्हणाले, "ही कंपनी सरकारची आहे. ईस्ट इंडिया कंपनी १८०८ च्या आसपासपर्यंत बदामाच्या आकाराचा छाप मारायची, हा सिंह त्यानंतरचा. पानिपत होऊन तोवर सत्तेचाळीस वर्षं झालेली."

सरकारांचं तोंड उतरलं. मला वाईटही वाटलं. सत्तर वर्षांच्या माणसाचा पूर्वज एका फडक्यानं पुसला गेला. पुढच्या रविवारी बंदूक मधोमध नव्हती. दाराजवळ, छत्र्या ठेवतात त्या कोपऱ्यात होती.

मी मात्र तिच्याकडं वेगळ्याच नजरेनं बघायला लागलो. १ जानेवारी १८१८. कोरेगाव भीमा. मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, पाचशेच्या आसपास माणूस. स्तंभावर नाक प्रत्यय लागलेली नावं. त्यांच्या हातात असली, याच सिंहाच्या छापाची बंदूक असणार. मी मास्तरांना तसं म्हणालो. त्यांनी मान हलवली. "असली असू शकेल. हीच, हे सिद्ध होत नाही. आणि त्या पलटणीत सगळेच तुमचे नव्हते, मराठे होते, मुसलमान होते, इतरही होते." मला राग आला. घरी येताना सायकलवर कळलं की मास्तर सरकारांशी जसे वागले तसेच माझ्याशी वागले. मलाही पूर्वज टांगायला भिंत पाहिजे होती.

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे देशाविरुद्धचीच बंदूक की ही." मी बोललो नाही. कागदी पेला हातात होता. कुठला देश, डॉक्टरसाहेब? ज्याच्या राजधानीत आमच्या आजे-पणजांना कमरेला झाडू बांधून चालावं लागलं असं म्हातारी माणसं सांगत आली, तो? हे मी तिथं बोलायला पाहिजे होतं. इथं लिहितोय.

आणि कंपनीच्या वारसांनी तरी काय केलं? गरज होती तोवर भरती केली. १८९० च्या दशकात आम्ही लढाऊ जातीचे नाही म्हणून दार बंद. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्यावर अर्ज लिहिला. महायुद्धात माणूस कमी पडल्यावर १९१७ साली महारांची पलटण उभी केली, १९२१ साली मोडली. दुसरं युद्ध आलं तेव्हा १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट निघाली. तशीच कायद्याची गोष्ट. १८७८ चा हत्यारांचा कायदा, हिंदी माणसाला परवाना, गोऱ्याला माफी. १९५९ च्या कायद्यात गोरा-काळा गेला. त्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो. पीक ज्याचं त्याला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि करू न दिलेल्या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी विचारलंच आहे, इथं बंड का झालं नाही? खालच्याला हत्यार धरायची मनाई होती, हे त्यांचं उत्तर. ते मी आधी वाचलं होतं. कळलं ते त्या सोप्यात.

मध्यंतरी सरकार म्हणाले, "ती कंपनीची चालू करून दे. एकदा बार काढून बघू. पैसे देतो." मी घोड्याची पट्टी पोत्यात घालून घरी आणली. वकिली शिकणाऱ्या मित्राला दाखवली. तो पुस्तक काढून बसला. १९५९ च्या कायद्याचं पंचेचाळिसावं कलम. पुराणवस्तू म्हणून सूट कधी? ती दुरुस्त करूनसुद्धा उडवता येणार नसेल तेव्हा. चालू केलीस की ती बंदूक झाली, आणि बिनपरवाना दुरुस्ती हाही गुन्हा. म्हणजे सरकारांचा छंद आणि माझा तुरुंग. सरकारांकडं बारा बोअरचा रीतसर परवाना आहे. २०१९ साली कायद्यानं माणशी तीनच्या दोन बंदुका केल्या, तेव्हा एक जमा करावी लागली म्हणून त्यांनी दोन दिवस जेवण टाकलं होतं.

मित्रानं आणखी एक पान उघडलं. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे १९९५ चे नियम, तिसरा नियम. जिथं अत्याचाराची भीती आहे तिथं गरज पडली तर राज्य सरकारनं दलित-आदिवासी नसलेल्यांचे बंदुकीचे परवाने रद्द करावेत, आणि दलित-आदिवासींना परवाने द्यावेत. मी तीनदा वाचलं. वस्तीत समाजमंदिरापुढं बसलेल्यांना वाचून दाखवलं. आधी कुणी बोललं नाही. मग एक म्हातारा म्हणाला, "आदी घरकुलाचा हप्ता आण म्हणावं." सगळे हसले, मीही हसलो.

त्याच रात्री आज्जीनं पत्र्याची पेटी उघडली. फडक्यात बांधलेला पितळी बिल्ला. तिच्या सासऱ्याचा, म्हणजे माझ्या पणजाचा. तो १९४२ साली बेळगावला जाऊन भरती झाला होता. बिल्ल्यावर एकमेकींवर आडव्या दोन व्हिकर्स मशीनगन आणि कोरेगावचा स्तंभ. "मला ठावं न्हाई काय हाय त्यावर," ती म्हणाली, "मामंजी रोज चिंचनं घासायचे."

बिल्ला मी मास्तरांना दाखवायला नेला, ती चूक झाली. भिंग लावून ते म्हणाले, "हा जुना. पुढं स्तंभ काढून तिथं कट्यार घातली." व्यापाऱ्यानं ते ऐकलं. "तीन हजार." मी नाही म्हटलं. "चार." चार हजारात माझा अर्धा महिना निघतो. सरकार खुर्चीतून म्हणाले, "देऊन टाक रे, चांगल्या घरी पडंल."

मी घोड्याची पट्टी पोत्यातनं काढली, होती तशी, न चालणारी, आणि टेबलावर ठेवली. म्हटलं, दुसरा माणूस बघा. "भ्यालास व्हय?" सरकार म्हणाले. व्हय म्हटलं. खरंच भ्यालो होतो. मास्तर दारापर्यंत आले आणि त्यांनी भिंग माझ्या हातात ठेवलं. कोपऱ्यात छत्र्यांशेजारी ती उभी होती. गंज काढलेल्या लोखंडाला पावसाळ्यात महिन्यातनं एकदा तेल लागतं. ते त्यांना सांगायचं राहिलं.

व्यापाऱ्याचा अजून फोन येतो. आता साडेपाचवर आलाय. आज्जीला सांगितलं तर तिनं विचारलं, "घिऊन काय करनार त्यो?"

"काचंच्या कपाटात ठेवंल."

"मग पेटीत काय झालंय त्याला?" ती म्हणाली आणि चिंच भिजत घालायला उठली.